आप्पांनी माझेच वाक्य परत केले

लातूर, बुधवार, ३० जुलै २०२५

काल नागपंचमी होती. दिंडे खाऊन झाल्यावर आप्पांनी पानाचा डबा पुढे ओढला नाही. ते सरळ चपलांकडे गेले आणि जाता जाता जे बोलले त्याने मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून आज बऱ्याच दिवसांनी वही उघडली आहे.

दूरचित्रवाणीवर लोकसभेतील चर्चा चालू होती. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, म्हणजे २६/११ नंतर, मुख्यमंत्र्यांनी आणि गृहमंत्र्यांनी राजीनामे दिले होते, मग पहलगामची जबाबदारी कोणी घेतली, असे प्रियांका गांधी विचारत होत्या. मी मोठ्याने म्हणालो, "बरोबर विचारले." पहलगामजवळच्या बैसरनच्या पठारावर २२ एप्रिलला २६ माणसे मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, आणि तिथे एक शिपाईसुद्धा का नव्हता हे विचारायचे नाही का, असे बरेच काही मी बोलत राहिलो. आप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग उठता उठता म्हणाले, "अतिरेकी पाकिस्ताननं धाडले, माणसं त्यांनी मारली, अन् राजीनामा आपल्या माणसानं कामून द्यायचा? हे माझं नाही, तुझं वाक्य हाय. विलासरावांच्या वेळी गोलाईत चार लोकांसमोर तूच बोलला होतास."

खरे आहे, मीच बोललो होतो. गंजगोलाईतले ते दुकान आणि भोवती उभी असलेली माणसेसुद्धा मला आठवतात.

२६/११ नंतरच्या त्या आठवड्यात लातूरला काय वाटत होते हे बाहेरच्या माणसाला कळणे अवघड आहे. चाकूरचे शिवराज पाटील देशाचे गृहमंत्री आणि बाभळगावचे विलासराव देशमुख राज्याचे मुख्यमंत्री, म्हणजे ज्या दोन पदांकडे सगळा देश बोट दाखवत होता ती दोन्ही आमच्या एका जिल्ह्यात होती. ३० नोव्हेंबरला शिवराजजी गेले, दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबांनी राजीनामा दिला आणि ८ डिसेंबरला विलासरावांच्या जागी नांदेडच्या अशोकराव चव्हाणांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. हल्ला झालेल्या ताज हॉटेलच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शक बरोबर गेल्यावरून विलासरावांवर जी टीका झाली ती मला घरच्या माणसावर झाल्यासारखी लागली होती. १६६ माणसे गेली होती आणि मी गोलाईत उभा राहून आमच्या जिल्ह्याच्या दोन खुर्च्यांचे दुःख सांगत होतो. आप्पांना कदाचित एवढे आठवत नसेल, पण मला आठवते आणि तेच सलते.

माझ्याकडे तेव्हा विचार करण्यासारखे मुद्दे नव्हते असेही नाही. दहा जण 'कुबेर' नावाची मासेमारी बोट बळकावून कुलाब्याला उतरले होते. समुद्राची राखण केंद्राकडे, किनारा आणि शहर राज्याच्या पोलिसांकडे, आणि एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून येईपर्यंत रात्र उलटून गेली, कारण मुंबईत त्यांचे केंद्रच नव्हते. कोणाचा वाटा किती, हे विचारता आले असते. हल्ल्याच्या चौकशीसाठी राम प्रधान समिती नेमली गेली तीही राज्याच्या यंत्रणेपुरतीच होती, यावर बोलता आले असते. मी यातले काहीच बोललो नाही. गोळी शत्रूने झाडली ना, मग आपल्या माणसाला दोष कसला, एवढेच मी बोललो.

काल रात्री पडल्या पडल्या आप्पांना द्यायची उत्तरे जुळवत होतो. जम्मू-काश्मीर २०१९ पासून केंद्रशासित आहे, तिथले पोलीस नायब राज्यपालांमार्फत केंद्राच्या हाती आहेत आणि निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांचा त्यांच्यावर अधिकार नाही, म्हणून हा प्रश्न सरळ दिल्लीलाच विचारावा लागतो. काहीतरी चुकले हे सरकारने २४ एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीत मान्य केल्याचे विरोधी नेत्यांनी बाहेर येऊन सांगितले होते. याच महिन्यात नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जबाबदारी स्वीकारत असल्याचे सांगितले आणि ते पदावरही राहिले. परवा ते तीन हल्लेखोर मारले गेले, याचे मला समाधान आहे, पण त्याने बैसरनमध्ये पहारा का नव्हता याचे उत्तर मिळत नाही. हे सगळे मला आजही खरे वाटते. मात्र ते आप्पांपुढे मांडायचा हक्क मी सतरा वर्षांपूर्वी गोलाईत गमावून बसलो आहे.

आप्पांचेही तसेच आहे. २००८ ला ते राजीनामा मागणाऱ्यांच्या पुढे होते. १९९९ मध्ये, वाजपेयींचे सरकार असताना, कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर येऊन बसले तेव्हा, किंवा त्याच वर्षअखेरीस कंदाहारला मसूद अझहरला सोडून दिले तेव्हा, त्यांनी कोणाचा राजीनामा मागितल्याचे मला स्मरत नाही. पण त्यांचे सांगून माझे काय हलके होणार? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. तेव्हाही गृहमंत्री चाकूरचेच होते आणि मी कोणालाच काही विचारले नव्हते.

आमच्या घरात १९६२ च्या चीन युद्धाविषयी बोलताना हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, एवढेच सांगितले जाई. दादा ते सांगताना ताठ बसत. यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावले गेले ते कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले म्हणून, आणि त्यांना ते सोडावे लागले कारण सैन्य पुरेशा तयारीवाचून डोंगरावर चढवले गेले होते, हे मला पुढे स्वतः वाचून कळले. आणि पंतप्रधान पंडित नेहरूंच्या जबाबदारीविषयी तर आमच्याकडे कोणी बोललेच नाही. हेंडरसन ब्रूक्स यांचा त्या पराभवावरचा अहवाल आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. धावून गेलेला तेवढा आपला, बाकीचे कोणाचेच नाही, हे मी घरातच शिकलो असणार.

सकाळी मला स्वतःची फार कीव आली. आप्पांव्यतिरिक्त ज्यांच्याशी या विषयावर दोन वाक्ये बोलता येतील असे माणूस आता उरलेले नाही. मुले फोनवर 'बाबा, राजकारण नको' म्हणतात, आणि आप्पाही असे उठून गेले. नलूला सांगितले तर ती म्हणाली, "भांडायला तरी दोघे आहात ना." मग दुपारी पाऊस थांबल्यावर ओट्यावर बसलो असताना मन जरा निवळले. आप्पा मुद्दाम लागेल असे बोलले नव्हते. सतरा वर्षे माझे वाक्य त्यांनी जपून ठेवले, याचा अर्थ त्या दिवशी ते त्यांनाही लागले असणार. मुंबईत माणसे मेली होती आणि मी त्यांना जिल्ह्याचा अभिमान ऐकवत होतो, तेव्हा ते घरी जाऊन झोपले असतील का?

विलासरावांनी राजीनामा दिला ते योग्य झाले. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले आहे. त्यांनी लातूरसाठी काय केले हे मला माहीत आहे आणि ते विसरणार नाही, तरीही ते योग्यच झाले. उद्या सकाळी आप्पांकडे जाऊन हे वाक्य आधी सांगणार आहे. बैसरनचा विषय त्यांनी काढला तर बोलेन, नाही काढला तर परवा पुन्हा जाईन.