आईच्या चालीने रिओ

आईला ब्राझीलमधलं रिओ दाखवण्याची सुरुवात पुण्यातल्या दवाखान्यातून झाली. ब्राझीलहून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पण साठीपुढच्यांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि आई ६७ वर्षांची. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवली, त्यांनी हो म्हटल्यावरच सरकारमान्य केंद्रात लस घेतली. विमानाची तिकिटं त्यानंतर काढली.

मी साओ पाउलोत नोकरी करते. तिथून रिओ विमानाने तासाभरावर. आखणी केली ती आईच्या गुडघ्यांकडे बघून: दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर झोप. रिओच्या बसच्या पायऱ्या उंच, शिवाय आत फिरतं दार ढकलून जावं लागतं, त्यामुळे बस टाळली आणि टॅक्सीला पैसे घातले. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

येशूचा पुतळा ७१० मीटर उंच कोर्कोवादो डोंगरावर आहे. वर ढग असले तर पायाशी उभं राहूनही तो धड दिसत नाही. म्हणून कामाचा वार धरला, सकाळी खिडकीतून माथा मोकळा दिसला आणि लगेच निघालो. खालच्या कोस्मे व्हेल्यो स्थानकाहून दातेरी रुळांवरची गाडी वर जाते. ही वाट १८८४ची, पुतळा १९३१चा. वर पूर्वी दोनशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागत, आता लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. रांगेत साठीपुढच्यांना प्राधान्य हा तिथे कायदा आहे. आई संकोचली, "अगं, हे लोक आधीपासून उभे आहेत." पण त्याच लोकांनी हाताने खुणा करून तिला पुढे पाठवलं.

गाडी तिजुकाच्या जंगलातून जाते, आणि तिथे आईला झाडाला लगडलेले फणस दिसले. राजापूरची बाई ती, पुतळ्याआधी फणसच बघत बसली! कॉफीच्या मळ्यांसाठी हे डोंगर उघडे केले, शहराचं पाणी आटायला लागलं, तेव्हा १८६१पासून इथे पुन्हा झाडं लावली. फणस पोर्तुगीजांनी आशियातून आणलेला. आता तो इतका माजलाय की स्थानिक झाडांना जागा उरत नाही. आपल्या काप्या-बरक्यासारखे कडक आणि मऊ गऱ्यांचे दोन प्रकार तिथेही मानतात. हे मी सांगितल्यावर आईने शेजारच्या बाईंना खुणांनीच विचारलं, तुम्हाला कुठला आवडतो? त्यांना मऊ आवडतो. आईला कापाच.

जेवणाची काळजी होती, पण वजनावर पैसे घेणाऱ्या खानावळी सोयीच्या निघाल्या. भात, भाज्या, तळलेला कसावा नावाचा कंद, सगळं आपल्या हाताने वाढून घ्यायचा. काळ्या घेवड्याच्या उसळीत मात्र डुकराचं मांस असतं बऱ्याचदा, ते स्पष्ट विचारायचं. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. चतुर्थीला आईने तापिओका खाल्ला, कसाव्याच्या पिठाची घडी घातलेली पोळी, आत ओलं खोबरं. आपला साबुदाणाही याच कंदाचा, आणि हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं. गाडीवाल्याने विनातक्रार तवा पुसून दिला.

पाओ दे असुकार, म्हणजे शुगरलोफ डोंगरावर संध्याकाळी गेलो. केबल कार दोन टप्प्यांत ३९६ मीटरवर नेते आणि मधल्या उर्का टेकडीवर निवांत बसता येतं. सूर्य कोर्कोवादोच्या बाजूला मावळतो. आईला गर्दी फार वाटली.

तिला खरी आवडली ती १८०८ची वनस्पती बाग. सपाट वाटा, बाकं, उंच पामांची सरळ रांग, तळ्यात परातीएवढी पानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊया म्हणाली, म्हणून बंदराजवळचं संग्रहालय मी वगळलं.