भिंतीचा भुगा

भिंतीत भोक पडत असताना बघणाऱ्यांचं लक्ष ड्रिलच्या फिरत्या बिटाच्या टोकाकडे असतं. माझं खाली. परवा दुपारी पुस्तकांची फळी लावायला हॅमर ड्रिल काढलं, खुणेच्या खाली कागदाचा खिसा चिकटवला आणि पहिलं भोक झाल्यावर पुढचं करायचं सोडून त्या खिशात डोकावत बसले. तळाशी करडा भुगा, त्यावर तांबडा. आधी गिलावा, मग वीट. रंग एकमेकांत न मिसळता पडले होते, ते विसकटायला हात होईना.

खिशाची युक्ती मामाची. तो भोकं पाडायचा आणि भुग्याचा रंग मोठ्यांदा सांगायचं काम माझ्याकडे असायचं. घरात घसा फोडून ओरडायची मुभा तेवढ्या एका कामापुरती. "करडं! करडं! तांबडं आलं!" तांबडं आलं की मामाचे खांदे सैल व्हायचे. माझ्या डोळ्यांवर त्याचा जुना संरक्षक चष्मा, तो सारखा नाकावरून घसरायचा. चष्मा सावरायचा की कान झाकायचे, हा पेच होता, तो मामाने माझ्या कानांत बोळे घालून सोडवला. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, हे मला फार पुढे कळलं.

करडं संपेचना आणि मशीनचा सूर बदलला, तर मामा लगेच खटक्यावरचं बोट काढायचा. म्हणजे काँक्रीट लागलंय, आणि पुढे सळई असू शकते. बिट सळईत अडकलं की बिट थांबतं आणि मशीन फिरू पाहतं, मनगटासकट. बाजूचं हँडल असतं ते त्यासाठी. ते डब्यातच ठेवून एका हाताने भोक पाडणारा माणूस दिसला की मी नकळत स्वतःचं मनगट चोळते. सळई लागली तर मामा जोर करायचा नाही, जागा बदलायचा. "तिच्यावर घर उभंय, तिच्याशी भांडू नये."

चक म्हणजे बिट धरणारा जबडा. तो आवळायची चावी त्याने वायरलाच बांधून ठेवली होती, तीही प्लगच्या अगदी जवळ. दोरी इतकी आखूड की प्लग उपसल्याशिवाय चावी चकपर्यंत पोचणारच नाही. बिट बदलताना मशीन चुकून सुरू व्हायचा प्रश्नच मिटला. माझ्या ड्रिलला चावी नाही, चक हातानेच पिळायचा. तरी प्लग काढल्याखेरीज मी बिटाला हात लावत नाही. चावी गेली, दोरी राहिली आहे.

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका या घडणीचं पेटंट ब्लॅक आणि डेकर या जोडगोळीला १९१७ साली मिळालं. ती घडण छानच. बोट सुटलं की मशीन थांबतं. पण मग खटका दाबलेलाच राहावा म्हणून शेजारी एक बारीक बटण दिलेलं असतं, त्याच्यावर माझा राग आहे. हातातून निसटलेलं मशीन आपलं आपण थांबावं हीच तर सगळी गंमत. ते बटण मी वापरत नाही. कुणी वापरताना दिसलं तर खोलीतून बाहेर जाते.

तसाच राग अंगाचा भार टाकणाऱ्यांवर. हॅमर ड्रिलच्या पोटात दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत असतात, त्यातून ठोके निघतात. ३००० फेऱ्यांच्या मशीनमध्ये मिनिटाला ४८,०००सुद्धा. बिट भिंतीला टेकवून थोडं दाबलं तरच त्या चकत्या एकमेकींना भिडतात, म्हणून दाब हवाच. पण बेताचा. छातीने रेटलं की ठोके वाढत नाहीत, मोटर तेवढी गुदमरते आणि बिट तापतं. मध्येमध्ये फिरतं बिट मागे घ्यावं, भुगा बाहेर येतो. टाइल असेल तर चिकटपट्टी लावून, ठोके बंद ठेवून, हळू फिरवत पार व्हायचं आणि विटेला पोचल्यावरच ठोके सुरू करायचे. नाहीतर टाइल तडकते, मग आपण.

स्विचबोर्डच्या बरोबर वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक नाही, हे तर घोकलेलंच. वायर बहुधा त्याच रेषांतून जाते. जुन्या घरात रेषांवरही विश्वास ठेवू नये, वायर शोधणारं यंत्र फिरवावं.

भोक झालं की गिट्टी. ही प्लॅस्टिकची गिट्टी फार सोशिक चीज आहे. आर्टर फिशर नावाच्या जर्मन संशोधकाने १९५८ साली नायलॉनची काढली. स्क्रू आत शिरतो तसतशी ती फुगून भिंतीला घट्ट धरते. तिच्यासाठी ६ मिलिमीटरला ६ चंच बिट, आणि भोक तिच्या लांबीपेक्षा जरासं खोल, कारण तळाशी भुगा साचतोच.

तो भुगा काढायला लोक भोकाला तोंड लावून फुंकर मारतात. माझा जीव तिथे दचकतो. खिशात पडतो तो जाड भुगा, रंगाचा, दिसणारा. न दिसणारा हवेतच राहतो. गिलावा, वीट, काँक्रीट सगळ्यांत सिलिका असते, आणि तिचे सर्वांत बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन तिथेच राहतात. रुमाल त्यांना अडवत नाही. एन-९५सारखा मास्क लागतो, नीट बसलेला. नंतर झाडू नव्हे, ओलं फडकं. मामाला हे ठाऊक नव्हतं. चष्मा दिला, बोळे दिले आणि भाचीला भोकाच्या बरोबर खाली, तोंड उघडं ठेवून ओरडायला उभं केलं.

माझं काही बिघडलं नाही. पण दिवसचे दिवस हेच काम करणारे असतात. या कणांनी फुफ्फुसाला होणाऱ्या आजारावर, सिलिकोसिसवर, बरं करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. हल्ली भोकं पाडायला कुणी आलं की मी हातात मास्क ठेवते. बहुतेक जण तो गळ्यात अडकवतात आणि काम सुरू करतात.