कोळशाची चिमणी, तिसरी आवृत्ती: पत्रा, हवा आणि धूर

सध्याची स्थिती: काळ्या पत्र्याचं १८ सेंमी व्यासाचं नळकांडं, जाळीखाली अंड्याच्या ट्रेचे चार खळगे, जाळीवर सव्वा किलो लाकडी कोळसा. काडी लावल्यावर पाच-सहा मिनिटं दाट पांढरा धूर येतो, मग तो विरळ होतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास फटींतून लाली दिसायला लागते आणि पंधराव्या मिनिटाला निखारे शेगडीत ओतता येतात. फुंकणी नाही, पंखा नाही, रॉकेलचा थेंब नाही. (चिमणी म्हणजे इथे कोळसा पेटवायचं नळकांडं. रॉकेलची चिमणी वेगळी आणि दाणे टिपणारी तर त्याहून वेगळी.)

आधीच्या दोन आवृत्त्या का फसल्या ते पत्र्यापासून सांगायला हवं.

पत्रा आणि भोकं

पहिली आवृत्ती तेलाच्या पाच लिटरच्या डब्याची. डबा फुकट मिळतो, कापायला सोपा, पण पत्रा कागदासारखा पातळ. वरचा कथलाचा थर २३२ अंशांनाच वितळतो, त्यामुळे पहिल्याच जाळात तो गेला, मग गंज, आणि काही वेळा वापरून झाल्यावर जाळीपाशी पत्रा आत दबला. निखाऱ्यांनी भरलेला डबा हातात असताना दबला असता तर काय, हा विचारच पुरे आहे. एखाद्या वेळेची नड भागवायला डबा ठीक, कायमचा नाही.

दुसरी आवृत्ती जीआय पत्र्याची, आणि तीच सगळ्यात वाईट. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ अंशांना उकळतं, आणि चांगली ओढ लागलेल्या चिमणीच्या पोटात तापमान ९०० च्या वरही जाऊ शकतं. पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली की समजायचं, जस्त जळतंय. त्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. जीआयची बादली, जीआयची जाळी, दोन्ही जाळापासून लांब ठेवायच्या.

आता १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा काळा पत्रा आहे. १८ सेंमी व्यासाला परीघ साडेछप्पन सेंमी होतो, त्यात दोन सेंमी जोडावर चढवायला, म्हणून तुकडा ५८.५ × ३० सेंमीचा कापून घ्यायचा. फॅब्रिकेशनवाला रोल करून देतो. रंग नको, प्रायमरही नको. नव्या पत्र्यावर तेलाचा हात असतो, म्हणून पहिल्यांदा अर्धा किलो कोळसा नुसताच जाळून टाकायचा. त्यावर काही भाजायचं नाही.

जाळी तळापासून ८ सेंमीवर, ६ मिमीच्या सळयांची, दोन सळयांत २ सेंमी फट. वर २२ सेंमी उरतात, म्हणजे साडेपाच लिटर जागा. त्यात कोळशाच्या आकाराप्रमाणे सव्वा किलोच्या आगेमागे मावतो. ४५ सेंमीच्या गोल शेगडीला एवढा पुरतो. जाळी ५ सेंमीवर बसवून पाहिली होती, तेव्हा खालचा कागद कोंदटला आणि विझला.

भोकं हा खरा मुद्दा. आधी जाळीखाली २० मिमीची आठ भोकं होती, मिळून २५ चौरस सेंमी. नळकांड्याचं तोंड २५४ चौरस सेंमीचं, म्हणजे हवेची वाट जेमतेम दहावा हिस्सा. गरम हवा वर चढते आणि खालून थंड हवा ओढून घेते, चिमणीचं सगळं काम एवढंच. पण ओढायला वाट नसेल तर ओढ लागणार कशी? कागद जळून जायचा, खालचे चार तुकडे लाल व्हायचे आणि वरचे नुसतेच धुमसायचे. आता दोन ओळींत सोळा भोकं आहेत, एकाआड एक, म्हणजे पाचवा हिस्सा. शिवाय चिमणी थेट जमिनीवर न ठेवता शेगडीच्या जाळीवर ठेवली की तळातूनही हवा येते. जाळीच्या वरच्या अंगाला भोकं पाडायचा मोह होतो, पाडू नका. हवा मध्येच शिरते, खालची ओढ ढिली पडते आणि ठिणग्या हाताच्या बाजूने बाहेर येतात.

दांडा पॉप रिव्हेटने (पत्रे जोडायच्या पोकळ खिळ्याने) बसवू नये. बाजारातले बहुतेक पॉप रिव्हेट ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. दांडा सुटतो तोही नेमका ओतताना, कारण सगळा भार तेव्हाच त्यावर येतो. लोखंडी ६ मिमीचे बोल्ट, प्रत्येकाला दोन नट, हेच बरं. लाकडी मूठ पत्र्यापासून १० सेंमी बाहेर, मध्ये आडवी पट्टी. समोरच्या अंगाला बादलीसारखी एक सैल कडी घातली आहे. ओतताना दुसऱ्या हाताने तळ उचलायला तिचा फार उपयोग होतो.

खालचा जाळ

वर्तमानपत्राची दोन पूर्ण पानं, सैल गुंडाळी करून, चुंबळीसारखी गोल. मधलं भोक मोकळं राहिलं पाहिजे. जास्त कागद म्हणजे जास्त जाळ असं वाटून पाच-सहा पानं कोंबली जातात, आणि मग हवाच जात नाही. पिवळट धूर येतो, काजळीचे पापुद्रे वर उडतात आणि शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांवर जाऊन बसतात. गुळगुळीत रंगीत पुरवणी वापरूच नये.

कागदाची अडचण अशी की तो दोन-तीन मिनिटांत संपतो आणि कोळशाला त्याहून जास्त वेळ जाळ लागतो. म्हणून आता अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे. चार खळगे कापायचे, प्रत्येकात अर्धा टेबलचमचा तळणीचं उरलेलं तेल, दहा मिनिटं मुरू द्यायचं. हे सात-आठ मिनिटं शांत जळतात, तेवढ्यात खालचा थर पक्का धरतो. प्लॅस्टिकचा किंवा थर्माकोलचा ट्रे अर्थातच नाही. कोकणात नारळाची सोडणं हाताशी असतात. तीही चालतात, पण सुकी सोडणं भस्सकन पेटून लगेच विझतात, म्हणून त्यांनाही तेलाचा हात हवा. कापूर पेटतो झकास, पण काजळी फार. दुसरं काहीच नसेल तर दोन-तीन वड्या. धूप घालायला ज्या काळ्या गोल वड्या मिळतात, काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या, त्या स्वयंपाकासाठी नाहीत. पटकन पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा मिसळलेला असतो.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर यांपैकी काहीही नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच भडका उडतो. सॅनिटायझरची ज्योत उन्हात दिसतच नाही. विझलं समजून माणूस पुन्हा ओततो आणि जाळ धारेवरून बाटलीत शिरतो. आधीच धुमसणाऱ्या कोळशावर रॉकेल ओतणं तेवढंच वाईट, कारण गरम कोळशावर त्याची वाफ होते आणि ती वाफ ठिणगीची वाट बघत असते. लायटर फ्लुइडची, म्हणजे कोळसा पेटवायला बाटलीत मिळणाऱ्या द्रवाची, गोष्ट वेगळी वाटते, पण लॉस एंजेलिस भागातल्या हवा-नियंत्रण जिल्ह्याने १९९० मध्ये बार्बेक्यू पेटवताना उडणाऱ्या वाफांवर नियम केला आणि एका पेटवणीला ०.०२ पौंड, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची मर्यादा घातली. अंगणातल्या शेगड्यांसाठी सरकारी नियम! पण धुरकं बघितलेल्या शहराला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसणार.

कोळसा

आपल्याकडे पोत्यातून मिळणारा बराच कोळसा वेड्या बाभळीचा असतो. रायगडातली कातकरी कुटुंबं दर हंगामात ज्या भट्ट्यांवर जातात, त्यांतही बराचसा हाच माल निघतो. भट्टी वेळेआधी फोडली किंवा कडेच्या लाकडाला पुरता ताव लागला नाही की तुकडे कच्चे राहतात. पक्का कोळसा हलका असतो, दुसऱ्या तुकड्यावर आपटला की काचेसारखा खणखणतो, मोडला की आत चमक दिसते. कच्चा तुकडा जड, तपकिरी, आवाज बद. एका चिमणीत असे तीन-चार तुकडे पडले तरी धूर पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं चालतो. ते निवडून बाजूला काढायचे.

पावसाळ्यात कोळसा हवेतला ओलावा ओढतो. पोतं फरशीवर ठेवलं की खालचा भाग दमट होतो आणि पेटताना तुकडे तडकून ठिणग्या उडतात. झाकणाच्या पिंपात ठेवायचा, किंवा आदल्या दिवशी उन्हात पसरायचा.

भरताना मुठीएवढे तुकडे खाली, लहान मध्ये, मध्यम वर. चुरा चाळून टाकायचा. तो फटी बुजवतो. मागच्या खेपेचे अर्धवट जळलेले निखारे राख झाडून सगळ्यात वर. ब्रिकेट (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या) किंवा करवंटीचा कोळसा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं धरायची, कारण तो घट्ट असतो.

धूर कसा वाचायचा

धूर म्हणजे कोळशातून निघालेला पण न जळलेला वायू, डांबर आणि पाण्याची वाफ. सुरुवातीचा दाट पांढरा धूर यातूनच येतो आणि त्याला इलाज नाही. हुरड्याच्या आगटीवर कोणी पहिल्या धुरात कणसं घालत नाही, तसंच हे. पिवळट-करडा धूर भोकांतून खाली लोळायला लागला की हवा अडली: चिमणी उचलायची नाही, तारेने जाळीखालची राख हलवायची.

मग एक क्षण येतो, तो बघण्यासारखा असतो. वरच्या थरापर्यंत ताव पोचतो आणि धुरालाच जाळ लागतो. भक् करून तोंडावर पिवळी ज्वाळा उभी राहते आणि धूर एकदम नाहीसा होतो. त्यानंतर चार-पाच मिनिटांनी ज्वाळा बसते, तुकड्यांच्या कडांवर करडी राख धरते आणि त्यांच्या मधून निळसर जिभा नाचायला लागतात. या निळ्या जिभा म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड. आता ओतायचं. घाईने ज्वाळेतच ओतला तर पनीरला डांबराचा वास लागतो आणि मसाल्याला नावं ठेवली जातात.

पंखा लागलाच तर खालून. चौपाटीवरचा कणीसवाला बघा: पुठ्ठा शेगडीच्या तोंडाशी हलवतो, निखाऱ्यांवर नाही. वरून वारा घातला की राख उडते आणि खालची ओढ मोडते.

ओतणं

चिमणी कधीही सिमेंटच्या कोब्यावर किंवा टाइलवर ठेवू नये. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपच्या उडतात. गच्चीवर असाल तर वाळूचा थर आणि त्यावर कोरड्या विटा. तीन मीटरच्या आत कनात, वाळत घातलेले कपडे, गॅस सिलिंडर काही नको. वेल्डिंगचे चामडी हातमोजे, बंद बूट, सुती कपडे. ओढणी आणि नायलॉनचा टी-शर्ट नाही. वारा पाठीवर घ्यायचा, चिमणी शेगडीपासून एक वीत उंचीवर धरायची आणि आपल्यापासून लांबच्या बाजूला हळूहळू कलती करायची. रिकामी चिमणीसुद्धा अर्धा तास पोळते, तिला ठरलेली जागा हवी. वाळूची बादली हाताशी. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

पाऊण तासापेक्षा जास्त भाजायचं असेल तर शेगडीत कच्चा कोळसा टाकू नये, पुन्हा पहिला धूर निघतो. वीस मिनिटं आधी दुसरी चिमणी लावायची.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. धूर नाही म्हणजे विषारी वायू नाही, असं मुळीच नाही. निखारे राखेखाली गेले, निळ्या जिभा दिसेनाशा झाल्या, की कार्बन मोनॉक्साइड न जळता तसाच बाहेर पडत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत, बंद बाल्कनीत किंवा तंबूत आणायची नाही. थंडीत शेक घ्यायला उरलेले निखारे उशाशी ठेवायचे तर नाहीतच. खिडकी उघडी ठेवून भागत नाही.

विझवायचं तर झाकणाच्या शेगडीच्या हवेच्या दोन्ही झडपा बंद करायच्या. निखारे हवेअभावी विझतात आणि पुढच्या वेळी कामी येतात. पाणी ओतलं तर वाफेने हात पोळतो आणि तापलेला पत्रा वाकतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस. वरून गार वाटते, पण पोटात एखादा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो, आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात सुक्या पानांवर पडला की पुढचं सांगायला नको.

राहिलेली कामं: सपाट जाळीऐवजी शंकूच्या आकाराची जाळी बसवून पाहायची, म्हणजे कडेची हवा आणखी वर पोचेल. सळया मध्ये वाकायला लागल्या आहेत, तिथे ८ मिमीच्या घालायच्या. कडीचा बोल्ट दर पाच-सहा वापरांनंतर ढिला होतो. स्प्रिंग वॉशर तापून ताण सोडतो, म्हणून पुढच्या खेपेला नटावर वेल्डचा एक टाका.