आजोबांची बोट आणि आजोबांचं बोट

आमच्या घरी गणपतीत रात्री आरत्या संपल्या की एक गोष्ट हमखास निघायची. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘बंगाल’ नावाच्या बोटीवर होते, त्या एवढ्याशा बोटीने जपान्यांची भलीमोठी बोट बुडवली, आणि त्याच लढाईत तोफेच्या गोळ्याने आजोबांची करंगळी नेली. सांगणारे माझे काका. आजोबा १९७८ सालीच गेले, त्यामुळे मध्येच “तसं नव्हतं रे” म्हणणारं कोणी नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी ही गोष्ट लिहायला घेतली आणि विचारलं, “बाबा, याचा कागद कुठाय?”

कागद नव्हता. हर्णैजवळच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात एक फाटका फोटो, दोन पत्रं आणि तीन पदकं निघाली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी पहिल्या पाच मिनिटांत कामाची गोष्ट सांगितली: “नावावर जाऊ नका. नावं तेव्हा इंग्रज कारकून कानाला येईल तशी लिहायचे. नंबर आणा.” आणि नंबर कुठे असेल हेही त्यांनीच सांगितलं. हिंदी फौजांना दिलेल्या त्या काळच्या पदकांवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. गोल पदक असेल तर कडेवर पाहायचं.

घरी येऊन कड पाहिली. काकांनी ते पदक दर सव्वीस जानेवारीला चिंचेने घासून लखलखीत ठेवलं होतं. इतकं की आकडे झिजले होते. पातळ कागद कडेवर धरून वरून शिसपेन्सिल फिरवली, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तसे. पाच आकडे उमटले. चौथा ३ आहे की ८, यावर काकांचं आणि माझं एकमत होईना. मी ८ धरला.

अर्ज केला. सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला, वडिलांचा जन्माचा, माझं आधार, नात्याचं प्रतिज्ञापत्र. एका कार्यालयाने हे सगळं परत पाठवून वारस दाखला मागितला. मला पेन्शन नको होती, फक्त माहिती हवी होती. पण अर्जाचा नमुना एकच, तो पेन्शनवाल्यांसाठी छापलेला. वारस दाखला काढण्यात पावसाळा गेला. मग उत्तर आलं: या क्रमांकाचा अभिलेख उपलब्ध नाही.

यात दोष कोणाचा म्हणाल, तर चिंचेचा. ३ टाकून पुन्हा अर्ज केला.

तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा बोटीबद्दल वाचत गेलो, आणि खरं सांगायचं तर काका सांगत ते बरंचसं खरं निघालं. ‘बंगाल’ ही माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी बोट. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बाथर्स्ट वर्गाच्या साठ बोटींपैकी चार रॉयल इंडियन नेव्हीला मिळाल्या: बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बंगाल सिडनीच्या कॉकटू गोदीत बांधली आणि ऑगस्ट १९४२मध्ये सेवेत आली. लांबी साधारण १८६ फूट, वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या नौदलात जात आली, त्यामुळे आजोबा अशा बोटीवर असणं आमच्याकडे काही नवलाचं नव्हतं.

नोव्हेंबर १९४२मध्ये ती ओन्डिना या डच तेलवाहू जहाजासोबत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली. ११ नोव्हेंबरला भर समुद्रात होकोकू मारू आणि आयकोकू मारू ही दोन जपानी जहाजं समोर आली, प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. बंगालच्या पुढच्या डेकवर एकच बारा पौंडी तोफ. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ओन्डिनाला निसटायला सांगितलं आणि आपली बोट सरळ शत्रूवर घातली, कारण त्या तोफेचा गोळा पोचायचा तर जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. थोड्या वेळात होकोकू मारूवर स्फोट झाला आणि ती बुडाली. बंगालचा दारूगोळा संपत आला तेव्हा ती धुराआड निघून गेली, ओन्डिना बुडालीच असं समजून. ओन्डिनाचा कप्तान मारला गेला, तिच्या जीवरक्षक होड्यांवर मशीनगन चालल्या, टॉर्पेडोही लागले. तरी उरलेले खलाशी पुन्हा तिच्यावर चढले, आग विझवली आणि तिला फ्रीमँटलला परत नेलं. होकोकू मारूला लागलेला गोळा नेमका कोणाचा, यावर मात्र दोन्ही बोटींचा दावा आहे. ओन्डिनाची तोफ चार इंची, म्हणजे बंगालच्या तोफेपेक्षा मोठी होती. माझं मत विचाराल तर तो गोळा तिचाच. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बंगालवर त्या दिवशी कोणी दगावलं नाही, जखमीही झालं नाही. मग करंगळी?

दुसऱ्या अर्जाचं उत्तर चार महिन्यांनी आलं. झेरॉक्सची चार पानं. पहिल्यावर तक्ता: बोटीचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत. पहिली ओळ ‘डलहौसी’. आम्हाला वाटलं आजोबा थंड हवेला कसे काय गेले! मग कळलं की ते मुंबईत फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्सचं नौदलातलं नाव. नौदल जमिनीवरच्या ठाण्यालाही बोटीसारखंच नाव देतं. तीच जागा १९५१पासून आयएनएस आंग्रे म्हणून ओळखली जाते. दुसरी ओळ ‘बंगाल’. रुजू झाल्याची तारीख मार्च १९४३.

लढाईनंतर चार महिन्यांनी.

शेवटचं पान वेगळं होतं. वर ‘हर्ट सर्टिफिकेट’, म्हणजे दुखापतीचा दाखला, असं छापलेलं, खाली हाताने भरलेलं. अक्षर लागेना म्हणून आमच्या इमारतीतल्या नौदलाच्या निवृत्त पेटी ऑफिसरांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांशी धरला आणि वाचलं: स्वीपची वायर आत घेताना विंचजवळ, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राजवळ, उजव्या हाताची करंगळी दुसऱ्या पेरापासून तुटली. कामावर असताना. दारू प्यालेला नव्हता.

मग त्यांनी टेबलावर चमचे आणि दोरा मांडून मला ते काम दाखवलं. बोटीच्या मागून पोलादी तार सोडायची. तिच्या टोकाला एक फ्लोट, त्याच्याखाली ‘ऑटर’, जो तारेला बाजूला ओढून धरतो. बोटीच्या जवळ ‘काइट’, जो तिला खाली दाबून ठेवतो. सुरुंग तळाशी साखळीने बांधलेला असतो. तार त्या साखळीला घासत जाते, तारेवरचे कटर ती तोडतात, सुरुंग वर येतो आणि डेकवरून रायफलीने फोडतात किंवा बुडवतात. “सुरुंग नसला तरी तार रोज सोडायची आणि रोज ओढायची,” ते म्हणाले. “ताणलेली तार सुटली किंवा विंचवर हात गेला, की संपलं. आमच्या वेळेलासुद्धा नव्या पोराला पहिल्यांदा हेच सांगायचे, हात आवर.” त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून खेचून दाखवला. बोटाचं टोक लगेच पांढरं पडलं.

यंदा गणपतीत ती चार पानं घेऊन गावी गेलो. काकांनी तारीख दोनदा वाचली, कागद उलटा करून पाठीमागे पाहिलं, आणि “टायपिंगची चूक असणार” म्हणून पानाचा विडा करायला उठले. मुलगी म्हणाली, “पण हे तर हाताने लिहिलंय, काका आजोबा.”

आत्या मोदकांची उकड मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“अण्णा कधी म्हणाले होते का गोळा लागला म्हणून?” ती आजोबांबद्दल म्हणाली. “आम्ही लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, ‘तारेने बोट नेलं.’ आम्हाला वाटायचं, पोस्टाची तार आली आणि बोट निघून गेली. आम्ही खूप हसायचो. मग त्यांनी सांगायचंच सोडलं.”