ती माणसं खोटं बोलत नाहीत कशावरून?

गौरी-गणपतीला बेळगावला आले की हा प्रश्न ठरलेलाच. यंदा टिळकवाडीत हळदीकुंकवाला गेले, तर शेजारच्या काकूंनी कुंद्याची बशी हातात देता देता विचारलंच, "ती माणसं तुझ्यापुढं बसून काहीबाही सांगणार, तू कागद लिहून देणार, आणि त्यांना अमेरिकेत राहायला मिळणार. ती खोटं बोलत नाहीत कशावरून गं?"

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आपल्या देशात छळ झाला म्हणून पळून येऊन अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांचं मानसिक मूल्यांकन मी न्यू जर्सीत करते. राहायला द्यायचं की नाही, ते मी ठरवत नाही. ते आश्रय अधिकारी किंवा इमिग्रेशन न्यायाधीश ठरवतो. मला एवढंच बघायचं असतं, की हा माणूस जे घडलं म्हणतो, त्याच्याशी त्याच्या मनाची आजची अवस्था जुळते का. छळाच्या खुणा कशा तपासायच्या, याची संयुक्त राष्ट्रांची इस्तंबूल नियमावली आहे, १९९९ची, २०२२मध्ये सुधारलेली. तिच्यात जुळण्याच्याही पायऱ्या आहेत. 'सुसंगत' आणि 'अत्यंत सुसंगत' यांतला एक शब्द लिहिताना मी दोन-दोन दिवस घालवते. कुणी लक्षणं पाठ करून आल्यासारखी म्हणून दाखवली, तर तेही अहवालात येतं, वकील नाराज झाले तरी.

पण खोटं ओळखायला आपण ज्या खुणा धरतो, त्याच दगा देतात. माझ्या आजीचंच बघा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमचं शहापूरचं घरही हललं. उतरंडीची मडकी कशी वाजली, अंधारात तिनं माझ्या वडिलांचा दंड कसा धरला, हे आजी मरेपर्यंत जसंच्या तसं सांगायची. साल मात्र दर वेळी वेगळं. तिला कुणी खोटारडी म्हटलं नाही.

इमिग्रेशन कोर्टात म्हटलं असतं. जीव घेऊन पळालेल्याकडं कागद कुठले असणार? तिथल्या कायद्यात नुसती जबानीही पुरते, पण ती विश्वासार्ह वाटली तर. आणि २००५च्या रिअल आयडी कायद्यानं अशी मुभा दिली, की जबानीतली विसंगती दाव्याच्या मुळाशी नसली तरी तिच्यावरून माणसाला अविश्वसनीय ठरवता येतं.

एक बाई आली होती. देश सांगत नाही, बारीकसारीक बदललंही आहे. तिला उचलून नेलं, त्याच्या तिनं तीन ठिकाणी तीन तारखा सांगितल्या होत्या. दोन बैठकांत मिळून पाच तास ती माझ्यासमोर होती. डोळ्यांत टिपूस नाही, आवाज वाण्याची यादी वाचावी तसा. भीती मनात तारीखवार साठत नाही. एखादा तुकडा लख्ख राहतो, कडेचं सगळं पुसतं. तिचा तुकडा होता नळाखाली भरून वाहणारी बादली. 'नळ बंद करायचा राहिला,' हे ती चार वेळा म्हणाली. बाहेर दार आपटलं की उठून भिंतीला पाठ लावायची. एका जागी दुभाष्यानं नुसतं 'त्रास दिला' असं सांगितलं. तिचा चेहरा बघून मी थांबवलं, पुन्हा विचारायला लावलं. तिचा शब्द तो नव्हता. कचेरीच्या खिडकीशी कन्नड न येणारी आजी बोलायची आणि पलीकडं अर्धंच पोचायचं, ते मी लहानपणी बघितलंय. म्हणून असेल, मला अशा जागी थांबावंसं वाटतं.

तुम्ही दर थंडीत तिबेटी बायकांकडून स्वेटर घेता ना? मुंडगोडला त्यांची वसाहत १९६६ पासून आहे. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. तरी त्यांना आसरा मिळाला, तो सगळ्यांना मिळून. माझ्यापुढं येणारा प्रत्येक जण एकटा असतो, आणि त्याला स्वतःचं दुःख पुराव्यासारखं मांडावं लागतं.

निघताना त्या बाईनं दुभाष्याला विचारायला सांगितलं, "एक तारीख पाठ करून येऊ का?"

नको म्हणाले. तिच्या अहवालातली सगळ्यात जास्त पानं त्या तीन तारखांवरच आहेत.