बिनहिशेबी हवा

दुपारची वेळ. व्हॅन सावलीत उभी, इंजिन चालू, आणि मी कुणाची तरी वाट बघतोय. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी आरपीएमचा काटा हळूच वर चढतो, दचकून खाली येतो, पुन्हा चढतो. चेक इंजिनचा पिवळा दिवा तर केव्हापासूनच पेटलेला. पिवळ्या दिव्याची सवय होते. लाल असता तर झाली नसती.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. शेजारी उभ्या असलेल्याने लगेच निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलून टाक."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे गणित कुठेतरी चुकतंय, एवढंच तो सेन्सर एक्झॉस्टच्या धगीत बसून इमानाने सांगत असतो. आणि आपण त्यालाच उपटून फेकायचं! चोर सोडून संन्याशाला फाशी. नवा सेन्सर लावल्यावर दिवा जातो खरा, पण तो कोड पुसल्यामुळे. थोडे दिवस गेले की हजर.

सगळेच सेन्सर साधुसंत असतात असंही नाही. कूलंटचा सेन्सर बिघडला तर तापलेल्या इंजिनालाही गारठलेलं म्हणतो, आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतत बसतो. एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसली की तो हवा कमी मोजतो. पण तसं असेल तर गाडी पळवताना तक्रार वाढते. इथे उलटं होतं. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कॉम्प्युटर वीस टक्क्यांहून जास्त पेट्रोल वाढवून देत होता आणि रेस २,५०० वर धरली की तोच आकडा शून्याजवळ. एअरफ्लो सेन्सरला चुकवून, मागच्या दाराने हवा आत शिरत होती. इंजिन भरपूर हवा ओढू लागलं की एवढ्याशा चोरीचं काही वाटत नाही; आयडलवर मात्र ती लगेच अंगावर येते.

इंजिनची ही हवेची ओढ, म्हणजेच व्हॅक्यूम, मला पहिल्यांदा कळली ती मामाच्या व्हॅनमध्ये. तिच्या एसीच्या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलायच्या. सपाटीवर गार वारा तोंडावर; चढ लागला, मामाने ॲक्सिलरेटर दाबला, की वारा आम्हाला सोडून समोरच्या काचेकडे पळायचा. मागच्या सीटवरून आम्ही ओरडायचो, "मामा, पाय काढ!" थ्रॉटल, म्हणजे इंजिनचं हवेचं दार, उघडला की व्हॅक्यूम पडतो, आणि व्हॅक्यूम पडला की झडपा काचेकडे वळतात. माणसं उकडली तरी चालतील, काचेवर धुकं नको, असा विचार करणारा कुणी इंजिनिअर यामागे होता हे पुष्कळ उशिरा समजलं. तेव्हा आम्हाला तो मामाचाच आगाऊपणा वाटायचा.

मामाचा गळती शोधायचा मार्ग साधा होता. हातभर रबरी नळी, एक टोक कानाला, दुसरं बॉनेटखाली फिरवत राहायचं, फॅन आणि बेल्टपासून लांब. तापल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का बघणारेही असतात. बदलतो. कधी कधी पेटही घेतो. मला नळीच बरी.

सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट गप्प. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत आत ओढून घेणारा, पाइप उन्हातान्हात कडक होऊन कोपऱ्यात चिरतो, म्हणून तिथे बराच वेळ घालवला, तोही शाबूत. मग नळी मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, नेली आणि कानात सुस्पष्ट सूंऽऽ. जाड पाइप, क्लॅम्पच्या अगदी खाली भेग. बोटाने दाबली तर काटा जागेवर.

हा ब्रेक बूस्टरचा पाइप; इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देतो तो बूस्टर. इतका वेळ मजेत चाललं होतं, ते तिथे थांबलं. इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल दाबत राहिलो, कडक होईपर्यंत. तसंच दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. अशा वेळी पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं.

गेलं नाही. चावी काढून खिशात टाकली आणि ज्याची वाट बघत होतो त्याला फोन केला, की तुझं तू ये.