आज दिवसभर बर्निंग स्पिअर

सकाळी कपाट आवरायला घेतलं आणि सोबत रेगे गायक बर्निंग स्पिअर लावला, तो संध्याकाळपर्यंत बंद करावासाच वाटला नाही. खरं नाव विन्स्टन रॉडनी, जन्म १९४५, जमैकातल्या सेंट ॲन्स बे गावचा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेला नेता मार्कस गार्वीपण त्याच गावचा, आणि १९७५ ला याने अख्खा अल्बम गार्वीच्या नावाने काढला, का तर आपल्याच गावच्या एवढ्या मोठ्या माणसाची आठवण कुणी काढत नाही याचं दुःख, ते त्याच्या आवाजात अजून ऐकू येतं यार.

सुरुवातीचा किस्सा तर मला फार आवडतो. १९६९ ला डोंगरात त्याला बॉब मार्ली भेटला, मार्ली शेतावर निघालेला, सोबत गाढव, बादल्या, रोपं. हा म्हणाला मला गाणं करायचंय, तर तो म्हणाला स्टुडिओ वनला, म्हणजे किंग्स्टनमधल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, जा. बस्स, एवढंच बोलणं!

ग्रॅमी दोनदा मिळालं, २००० आणि २००९ ला, पण मला ते एवढं महत्त्वाचं नाही वाटत. तो एकच ओळ परत परत म्हणतो ना, मंत्र पुटपुटल्यासारखी, आणि मागून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन हळूच येतात, तिथे मी हातात घडी केलेला शर्ट धरून तसाच उभा राहिलो.